वर्गातील यंत्रे आणि मुलांच्या बोली

शाळेत यंत्र केव्हा आले, असा प्रश्न कोणास केला तर बहुतेक लोक संगणकाचे, किंवा फार तर आकाशवाणीवरील शालेय कार्यक्रमांचे साल आठवू लागतील. परंतु ज्या अर्थाने बोरू, धूळपाटी, दगडी पाटी आणि छापील पुस्तक ही विद्या एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे पोहोचविण्याची साधने आहेत, त्या अर्थाने यंत्रावाचून वर्ग असा कधी नव्हताच. आणि यांपैकी प्रत्येक साधनाने वर्गाचा उंबरठा ओलांडताना आपल्याबरोबर एखादी ठरावीक भाषा, एखादी ठरावीक लिपी आणि जगाकडे पाहण्याची एखादी ठरावीक रीत आणली आहे. आज मुलांच्या हाती काचेची पाटी आली आहे. तिने वर्गातील नाना बोलींचे आणि नाना चालीरीतींचे काय होईल, हे समजून घ्यायचे असेल तर जुन्या साधनांनी काय केले ते आधी पाहावे लागते, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या मोडीचाच इतिहास पुरेसा आहे.

पंतोजींच्या शाळेत मुलगा प्रथम धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी, आणि पुढे बोरू हाती आला की मोडीचे वळण घोटी. मोडी ही दप्तराची, हिशेबाची आणि चिठ्ठीचपाटीची लिपी, तर बाळबोध ही पोथीची. एकाच भाषेच्या या दोन लिप्या, आणि दोन्ही ज्याला येत त्याला लिहितावाचता आले असे समजत. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि मग शक्य तो हात न उचलता तिच्याखाली अक्षरामागून अक्षर वळवीत जाई. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद तो पाळीत नसे, कारण कारकुनाला वेग हवा होता. या लिपीची गाठ छापखान्याशी पडली तेव्हा तिचा हाच गुण तिच्या आड आला. छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा निराळा असतो, आणि जी लिपी वाहत्या हाताने, अक्षराला अक्षर जोडूनच शोभते, तिचे तुकडे पाडून खिळे ओतणे हे जिकिरीचे काम असते. ते अशक्य होते असे मात्र नाही. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरे याने 1810 साली आपला मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांतच. पण बाळबोधाचे खिळे संस्कृतला चालत, हिंदीला चालत आणि मराठीलाही चालत. एका खर्चात तीन भाषांची सोय होत असताना केवळ मराठीसाठी दुसरी मांडणी कोण बाळगणार? पाठ्यपुस्तके बाळबोधात निघू लागली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी वर्गातून जवळजवळ उठून गेली.

मोडीवर कोणी दावा धरला नव्हता, आणि एका सुबोध लिपीमुळे सामान्य माणसाला वाचन सुकर झाले हा लाभही लहान नव्हे. तथापि पुण्याच्या पेशवे दप्तरासारखे मोडी कागदांचे डोंगर आज ज्या मोजक्या अभ्यासकांवाचून मुके पडले आहेत, ते पाहिले म्हणजे एका यंत्राची सोय एखाद्या समाजाच्या स्मृतीवर किती खोल परिणाम करू शकते हे कळते. संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, मोडीला जागा मिळाली ती 2014 साली. ती वर्गातून गेली त्यानंतर दोन पिढ्यांनी.

आता आजच्या वर्गाकडे वळू. महाराष्ट्रातील वर्ग म्हणजे मराठी मुलांचा वर्ग, ही कल्पना पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून जितकी स्वाभाविक वाटते तितकी ती नंदुरबारच्या, मेळघाटच्या किंवा गडचिरोलीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटत नाही. ज्याला मराठी मुलगा पाणी म्हणतो त्याला कोरकू मुलगी डा म्हणते आणि गोंड मुलगा एर म्हणतो. पहिला शब्द आर्यभाषाकुलातील, दुसरा मुंडा भाषांच्या कुलातील आणि तिसरा तमिळ-तेलुगूंच्या द्राविड कुलातील. या तिन्ही कुलांत न बसणारी, जगातील कोणत्याही भाषेशी जिचे नाते निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही अशी निहाली ही चौथी भाषा बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या परिसरात थोडी माणसे अद्याप बोलतात. 2011 च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावे नोंदविली ती साडेएकोणीस हजारांच्या वर होती. त्यांची छाननी करून, बोलींना भाषांच्या पोटात घालून, दहा हजारांवर भाषक असलेल्या अशा 121 भाषा सरकारी कोष्टकात राहिल्या. त्याच कोष्टकात भिली बोलणारे एक कोटी चार लाखांवर आणि गोंडी बोलणारे 29 लाखांवर आहेत.

कायदा या मुलांना विसरलेला नाही. 1956 साली सातव्या घटनादुरुस्तीने जोडलेले 350-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची तजवीज करण्यास राज्यांना सांगते. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा शिकविण्याचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हणतो. आणि 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. पण ‘व्यवहार्य असेल तेथवर’ या तीन शब्दांत सगळी अडचण साठलेली आहे, आणि ती अडचण बऱ्याच अंशी छापखान्याची आहे. 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीने मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा भाषांतून वर्षानुवर्षे पुस्तके काढली, ही आपल्या राज्याने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. परंतु पुस्तक लिहिणे, चित्रे काढणे, अक्षरजुळणी करणे आणि छपाईची पत्रे तयार करणे, हा खर्च प्रती शंभर काढा की लाख काढा, सारखाच येतो. लाखावर तो वाटला गेला की प्रत स्वस्त पडते, आणि हजारावर वाटला गेला की महाग. ज्या भाषेची मुले थोडी आणि विखुरलेली, तिच्या वाट्याला या हिशेबात पुस्तक येतच नाही.

नव्या यंत्राने खरा फरक केला तो याच जागी. पडद्यावरच्या पानाची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि एकदा काढलेल्या चित्राखाली दहा भाषांतील मजकूर दहा वेळा बसविता येतो. प्रथम बुक्स या संस्थेने 2015 साली स्टोरीवीव्हर नावाचे जे मुक्त कथाभांडार उघडले त्याचे तत्त्व हेच: चित्रकथा कोणीही घ्यावी, आपल्या भाषेत उतरवावी, आणि पुन्हा भांडारात ठेवावी. कोरकू व गोंडी यांसारख्या, ज्यांत मुलांसाठी छापील पुस्तक दुर्मीळ होते अशा भाषांतल्या गोष्टी तेथे दाखल झाल्या त्या यामुळेच. पाठ्यपुस्तकाच्या पानावरील ती काळीपांढरी चौकडीची खूण, जिला आपण क्यूआर कोड म्हणतो, ती 1994 साली जपानातील डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ती पाठ्यपुस्तकात आणून दाखविली, आणि 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्याच्या दहा लाख डॉलरांपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. या खुणेचे महत्त्व मला वाटते ते असे, की पान छापले गेले तरी त्याच्यामागचा मजकूर बंद होत नाही. एकाच पानामागे मराठीबरोबर माडिया वा पावरी बोलीतला आवाजही ठेवता येतो, आणि तो उद्या बदलताही येतो.

ठेवता येतो हे खरे; पण कोण ठेवतो? या प्रश्नाची परीक्षा आपल्या देशाने पन्नास वर्षांपूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर घेतलेली आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट उतरविण्याचा प्रयोग झाला. जाळीच्या तबकड्या उभारून ज्या गावांत वीजही नुकतीच आली होती तेथे सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी थोरांसाठी कार्यक्रम दाखविण्यात आले. मजकूर हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषांत होता, आणि त्या काळाच्या मानाने ही सोय मोठीच. परंतु बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तीन विस्तीर्ण मुलखांना मिळून हिंदी एकच, आणि ती हिंदी मैथिली, मारवाडी किंवा छत्तीसगढी घरातून आलेल्या मुलाला कितपत आपली वाटली असेल हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज या गावी एक लहान प्रक्षेपक बसविण्यात आला. त्याचा आवाका एका जिल्ह्याभोवतालचा. पण तेथे त्या भागातले शेतकरी, शेतमजूर आणि स्त्रिया स्वतः पडद्यावर येत, आपल्या बोलीत आपली गाऱ्हाणी मांडीत, आणि गावकरी कार्यक्रमाच्या रचनेत भाग घेत. 1984 साली ग्रामीण संज्ञापनाचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला तो या खेडा प्रकल्पाला. एकच शास्त्र, एकच संस्था, जवळजवळ एकच साल. फरक होता तो बोलण्याच्या दिशेचा. उपग्रह खेड्याशी बोलत होता, आणि पीजच्या प्रक्षेपकातून खेडे बोलत होते.

हा भेद विजेच्या यंत्रांपुरता नाही, हे ज्यांनी आपल्या प्रांतात सर्वांआधी ओळखले त्या ताराबाई मोडक होत. मॉन्टेसोरीबाईंची शिक्षणसाधने, ते प्रमाणबद्ध ठोकळे आणि दट्ट्ये, हेही एक परदेशी तंत्रच होते, आणि ते जसेच्या तसे आणावे तर गरीब शाळेला परवडणारे नव्हते. 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साहाय्याने काम करताना ताराबाईंनी तत्त्व तेवढे घेतले आणि साधने वारली मुलांच्या अवतीभवती शोधली: बिया, शिंपले, खडे, पाने. गुरे राखण्यासाठी जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. आज ज्या खोलीत पडदा बसविण्यासाठी लाखांची तरतूद होते तेथे कोसबाडची आठवण कोणी काढीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्या बियांच्या माळेने जो धडा दिला तो पडद्याला तंतोतंत लागू आहे.

यंत्राला एखादी भाषा येत नाही म्हणजे नेमके काय होते, ते आता पाहू. यंत्र अक्षर ओळखत नाही. ते प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक ओळखते. संगणकाच्या आरंभकाळी हे क्रमांक इंग्रजी अक्षरांचेच होते, आणि मराठी लिहिणारा प्रत्येक कारखानदार आपल्या टंकाला मनास येईल ते क्रमांक देई. त्यामुळे एका कचेरीत टंकलेला मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडला की त्याच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. 1991 साली युनिकोडने जगातील लिप्यांना सामाईक क्रमांक देण्यास आरंभ केला आणि देवनागरीसाठी 128 घरे राखून ठेवली. तरीही ॲ हे मराठीला रोज लागणारे अक्षर त्यांत स्वतंत्रपणे दाखल झाले ते 2008 साली. तोवर अ वर चंद्र चढवून वेळ मारून न्यावी लागे. साठवणीच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक घर पुरते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, म्हणून ‘शाळा’ या दोन अक्षरी शब्दाच्या चार चिन्हांना बारा घरे लागतात आणि त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाला सहा.

पण अक्षरांचा क्रमांक ही पहिली पायरी झाली. यंत्राने मुलाचे बोलणे ऐकावे किंवा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवावे असे वाटत असेल तर त्याला त्या भाषेतील बोलण्याचे आणि लिहिण्याचे असंख्य नमुने पुरवावे लागतात. व्याकरण कोणी त्याला शिकवीत नाही, नमुन्यांच्या राशीतून ते स्वतःच वळणे टिपते. ‘जरा थांब’ यातला ज आणि ‘जरामरण’ यातला ज लिहिण्यात एकच असले तरी बोलण्यात भिन्न आहेत, हे मराठी मुलाला आईकडून कळते आणि यंत्राला केवळ पुष्कळ ऐकून. जिची रास मोठी ती भाषा यंत्राला येते. जिची रास नाही ती येत नाही. आता ही रास कोणत्या भाषांची जमविली जाते? मद्रासच्या आयआयटीतील एआय-फॉर-भारत या गटाने 2023 साली भाषांतराची जी मुक्त प्रणाली सिद्ध केली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व 22 भाषांसाठी आहे, आणि हे काम खरोखर मोलाचे आहे. संताळी भाषा 2003 च्या दुरुस्तीने त्या परिशिष्टात आली म्हणून आज यंत्राच्या यादीतही आहे. भिली परिशिष्टात नाही. तिचे एक कोटी भाषक असूनही त्या यादीत तिला स्थान नाही. राजकीय मान्यतेसाठी केलेली ही नामावली अशा रीतीने यंत्राच्या कानांचीही हजेरीपत्रिका होऊन बसली आहे.

मेळघाटातील एका दुशिक्षकी शाळेत मी जे पाहिले ते येथे सांगितले पाहिजे. चौथीतील एक मुलगी गुरुजींच्या मोबाइलशी बोलत होती. बोललेला शब्द पडद्यावर उमटतो हा खेळ वर्गाला नवा होता आणि प्रत्येक जण आपली पाळी मागत होता. ती म्हणाली, ‘डा’. यंत्राने दुसरेच काही लिहिले. तिने पुन्हा, अधिक सावकाश म्हटले. यंत्राने पुन्हा चुकीचे लिहिले. मग तिने किंचित थांबून ‘पाणी’ म्हटले, शब्द बिनचूक उमटला, आणि ती समाधानाने जागेवर जाऊन बसली. चूक यंत्राची होती, आणि दुरुस्ती मुलीने स्वतःची केली. असे रोज, दर तासाला आणि हजारो वर्गांत घडणार असेल तर एखादी भाषा घालविण्यास मनाईहुकमाची आवश्यकता राहत नाही, आणि मला मोडीची आठवण झाली ती तेव्हा.

याच्या उलट घडल्याचेही दाखले आहेत. दिल्लीत कालकाजी येथे 1999 साली सुगत मित्र यांनी झोपडवस्तीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवून तो मुलांच्या स्वाधीन केला, तेव्हा त्यावरील भाषा इंग्रजी होती. परंतु पडद्यावर सरकणाऱ्या बाणाला मुले सुई म्हणू लागली, आणि काम चालू असल्याची खूण म्हणून येणाऱ्या वाळूच्या घड्याळाला डमरू. ज्या मुलांनी असले घड्याळ कधी पाहिले नव्हते त्यांनी त्याला आपल्या देवाच्या हातातले वाद्य केले. छत्तीसगढात 2010 पासून चालू असलेल्या सीजीनेट स्वर या सेवेत खेडूत एका क्रमांकावर फोन लावतो, त्याला उलट फोन येतो, आणि तो आपले म्हणणे आपल्या भाषेत ध्वनिमुद्रित करतो. अक्षरओळख नको, महागडे उपकरण नको, आणि गोंडीसारखी भाषा यंत्रात शिरते ती लेखणीवाचून, थेट तोंडातून. महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा पालघर जिल्ह्यातील पाड्यांतून मुलांना गोळा करून ध्वनिवर्धकावर धडे ऐकविण्याचे प्रयोग झाले. तेही याच जातीचे: साधन स्वस्त, आणि आवाज ओळखीचा.

मेळघाटातील त्या शाळेत पुढे जे झाले ते गुरुजींनी कोणाच्या परिपत्रकावरून केलेले नव्हते. त्यांनी त्याच मोबाइलवर मुलीच्या तोंडून ‘डा’ हा शब्द ध्वनिमुद्रित केला, मग दुसऱ्याकडून झाडाचा, तिसऱ्याकडून आजीचा, आणि भिंतीवर कागद लावून कोरकू शब्द देवनागरीत, शेजारी मराठी शब्द, अशी यादी सुरू केली. ज्या शब्दाविषयी मुलांत एकमत होईना तो घरी जाऊन आजीला विचारून यावे, असे ठरले. मधल्या सुट्टीपर्यंत यादी चाळीसच्या वर गेली होती, आणि मग कोणीतरी विचारले की मोबाइलला कोरकूत काय लिहायचे. दोन मुलांनी दोन नावे सुचविली, तिसरीने दोन्ही मोडीत काढली, आणि ती मघाची मुलगी खडू हाती घेऊन फळ्यापाशी उभी होती. मी निघालो तेव्हा तो वाद मिटलेला नव्हता.